पद्मिनी रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) चालतेय, प्लग काळे, अ‍ॅव्हरेज पार निम्म्यावर. कार्बोरेटरला नक्की कुठून हात घालू?

कर्वेरोडची_पद्मिनी

नमस्कार मंडळी, गाडी १९९२ ची प्रीमियर पद्मिनी, एमएच १२ पासिंग, पेट्रोल, कार्बोरेटर मूळचाच सोलेक्स. बाबांनी घेतलेली, आता मीच चालवते, रोज नाही पण आठवड्यातून एकदा तरी बाहेर काढतेच, कधी स्वारगेटला कामाला, कधी रविवारी पानशेतपर्यंत.

पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी होती, नंतर सुरू व्हायला त्रास देत होती म्हणून एका गॅरेजमध्ये कार्बोरेटर साफ करून किट (नीडल, वायसर असे आतले नवीन सुटे भाग) टाकून घेतलं. तेव्हापासून गाडी सुरू पटकन होते पण बाकी सगळं बिघडलंय. सकाळी थंड इंजिनला चोक ओढावाच लागत नाही, नुसत्या सेल्फवर लागते, आणि मला तेच विचित्र वाटतंय कारण आधी चोकशिवाय ती ढिम्म हलायची नाही. नळस्टॉपच्या सिग्नलला उभं राहिलं की आत पेट्रोलचा वास येतो, सिग्नल सुटल्यावर अ‍ॅक्सिलरेटर दिला की आरशात मागे काळा धूर दिसतो, मागचा बाइकवाला तोंडावर रुमाल धरतो. गाडी गरम असताना पाच-दहा मिनिटं बंद केली की परत सुरू व्हायला नको म्हणते. प्लग नवीन टाकले होते, ते काढून बघितले तर चारही काजळी धरलेले, कोरडी मखमली काजळी, तेलकट नाही. अ‍ॅव्हरेज बारा-तेराचं होतं ते सहा-सातवर आलंय.

पीयूसीला नेली तर सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ६.८ आला, मर्यादा ३ टक्के आहे, एचसी (न जळलेलं पेट्रोल) पण १५०० च्या वर. पाच वर्षांचं पुढचं पासिंग तोंडावर आलंय त्यामुळे हे आता टाळून चालणार नाही.

गॅरेजवाल्यांनी कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून बघितला, फरक नाही. आता ते म्हणतात ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमुळे जुन्या गाड्यांना असंच होतं, सवय करून घ्या. एअर क्लीनरचा फिल्टर मी बदललाय, पॉइंटचा गॅप तपासलाय, कंडेन्सर नवीन आहे. घरी पाने, स्क्रू ड्रायव्हर सगळं आहे आणि हात काळे करायची तयारी आहे, फक्त कुठून सुरुवात करू ते कळत नाहीये. कोणी सोलेक्सवर काम केलं असेल तर प्लीज सांगा.

घाटमाथा

ताई, आधी ई२० चा विषय संपवून टाकतो कारण हल्ली कुठल्याही जुन्या गाडीचं काही बिघडलं की त्याच्यावर ढकलतात आणि खरा दोष तसाच राहतो.

शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला फक्त ९ भाग. म्हणजे इथेनॉल मिसळलं की त्याच वजनाच्या इंधनाला हवा कमी पुरते, ई२० ला साडेतेराच्या आसपास. आता तुमच्या कार्बोरेटरचे जेट (पेट्रोल मापून सोडणारी बारीक भोकं) जुन्या पेट्रोलच्या हिशोबाने आहेत, ते इंधन तेवढंच सोडणार, हवा तेवढीच येणार, म्हणजे मिश्रण होणार लीन (पेट्रोल कमी), रिच नाही. ई२० घालून गाडी रिच झाली हे उलटं गणित आहे. तुमची गाडी ई२० वर चालत असूनही एवढी रिच आहे म्हणजे पेट्रोल कुठून तरी भरमसाट येतंय, तो दोष यांत्रिक आहे आणि तो सापडणार.

ई२० चा त्रास वेगळा असतो. जुन्या रबराचे डायफ्राम आणि पाइप फुगतात किंवा चिरतात, टाकीतला जुना गाळ सुटून पुढे येतो, आणि गाडी महिना-महिना उभी राहिली तर फ्लोट चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीत, ओलावा धरून पांढरट थर जमतो. वाटी भरली की पेट्रोल अडवते ती नीडल, तो गाळ तिच्या सीटवर बसला तर नीडल पूर्ण बंद होत नाही आणि त्यातून रिच होऊ शकते, एवढाच काय तो संबंध.

आता तुमचा पहिला क्लू तुम्हीच दिलाय, थंड गाडी चोकशिवाय लागते. म्हणजे एकतर चोक कायम थोडा चालूच आहे किंवा वाटीत पेट्रोलची पातळी वर आहे. दोन्ही तपासायला कार्बोरेटर काढायची गरज नाही.

एक गोष्ट करून बघा. गाडी चांगली गरम करा, आयडलिंगवर ठेवा, आणि कार्बोरेटरच्या बुडाशी जो मिक्स्चरचा स्क्रू आहे, थ्रॉटलचा नव्हे, तो हळूहळू पूर्ण आत घ्या, शेवटी जोर लावू नका नाहीतर टोक बसतं. आधी तो किती वेढे बाहेर होता ते लिहून ठेवा. स्क्रू पूर्ण आत गेला की आयडलिंगचं पेट्रोल बंद होतं, म्हणजे धड असलेलं इंजिन बंद पडायलाच हवं. तुमचं बंद पडलं नाही, किंवा उलट छान चालायला लागलं, तर समजायचं की पेट्रोल दुसऱ्या वाटेने येतंय आणि तो स्क्रू वर्षभर फिरवला तरी काही होणार नाही.

हातोडी_पाना

मी तर म्हणेन कशाला एवढा व्याप, मारुतीचा कार्बोरेटर अ‍ॅडाप्टर लावून बसवून टाका, माझ्या मित्राच्या फियाटला बसवलाय, मस्त चालते, अ‍ॅव्हरेज पण सुधारलं. सोलेक्सचे पार्ट आता धड मिळत नाहीत आणि जे मिळतात ते लोकल.

जुना_फिटर

कार्बोरेटर बदलायला माझा ठाम विरोध आहे, आणि कारण सांगतो. पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी चार सिलिंडरचं, मारुती ८०० चं ७९६ सीसी तीन सिलिंडरचं. मारुतीच्या कार्बोरेटरचे व्हेंचुरी (हवेची अरुंद वाट) आणि जेट त्या इंजिनाच्या हिशोबाचे. बसवता येतो, चालतोही, पण मग जेटिंग नव्याने करावं लागतं आणि ते गॅस अ‍ॅनालायझर लावून कोणी करत नाही, अंदाजे करतात. मग सपाटीला बरी चालते आणि कात्रजचा चढ लागला की लीन होऊन तापते. या ताईंचा सोलेक्स किट टाकायच्या आधी वर्षानुवर्षं बारा-तेराचं अ‍ॅव्हरेज देत होता, म्हणजे कार्बोरेटर चांगला आहे, किट टाकताना काहीतरी चुकलंय. ते शोधायचं सोडून चांगली वस्तू काढून ठेवायची हे मला पटत नाही.

ताई, आयुष्य फियाट आणि जीपवर काम करण्यात गेलं, आता गॅरेज बंद केलंय पण सोलेक्स अजून हाताला पाठ आहे. घाटमाथा यांनी सांगितलेली स्क्रूची परीक्षा बरोबर आहे, ती आधी करा. पण चोकबद्दल एक सांगतो, कारण इथे निम्मे लोक चुकतात. मारुतीसारखी सोलेक्सच्या तोंडाशी चोकची झडप नसते. वरून बॅटरी मारून झडप उघडी आहे की बंद ते शोधत बसाल तर सापडणार नाही. सोलेक्सला बाजूला स्टार्टर असतो, तो म्हणजे एक छोटा वेगळा कार्बोरेटरच आहे म्हणा, त्याचा पेट्रोलचा जेट वेगळा, हवेचा वेगळा, आणि मध्ये एक भोकं पाडलेली चपटी चकती. डॅशवरचा चोक ओढला की केबलने ती चकती फिरते, भोकं समोरासमोर येतात आणि थंड इंजिनाला जाड मिश्रण मिळतं. चोक आत ढकलला की चकती फिरून भोकं झाकते.

आता होतं काय, केबल जुनी असते, कार्बोरेटर काढून परत बसवताना केबलचा स्क्रू थोडा ताणून आवळला जातो, आणि डॅशवरचा चोक पूर्ण आत गेला तरी खाली कार्बोरेटरवरची लीव्हर शेवटच्या टोकाला पोचत नाही, केसभर अलीकडे राहते. तेवढ्या फटीतून स्टार्टर कायम पेट्रोल ओढत राहतो. बॉनेट उघडा, कोणाला तरी आत बसून चोक आत-बाहेर करायला सांगा आणि तुम्ही लीव्हरवर डोळा ठेवा. चोक पूर्ण आत असताना लीव्हरला बोटाने अजून मागे ढकलून बघा. ती अजून हलली तर तिथेच दोष आहे, केबल सैल करून लीव्हर पूर्ण मागे धरून परत आवळायची, वायरीला एक-दोन मिलिमीटर ढील ठेवून. लीव्हर टोकाला असूनही संशय असेल तर चकती आणि तिची बैठक घासलेली असू शकते, ते नंतर बघू.

हे ठीक निघालं तर मग नीडल आणि फ्लोट, म्हणजे वाटीत तरंगून नीडल बंद करणारा पोकळ तुकडा. माझा संशय तिथेच जास्त आहे, किट टाकल्यावर सुरू झालंय म्हणून. पण आधी परीक्षा करा आणि इथे कळवा, मग पुढचं सांगतो.

कर्वेरोडची_पद्मिनी

खूप आभार दोघांचे, इतकं नीट कोणी समजावलं नव्हतं.

दोन्ही करून बघितलं. चोकची लीव्हर पूर्ण मागे जाते, बोटाने ढकलली तर अजिबात हलत नाही, केबलला ढील पण आहे. स्टार्टरची चकती दिसत नाही पण लीव्हर तरी बरोबर आहे.

स्क्रू दीड वेढा बाहेर होता, तो पूर्ण आत घेतला आणि इंजिन बंद पडलंच नाही! उलट थोडं स्मूथ झालं. मग एअर क्लीनर काढून बॅटरी मारून वरून, जरा बाजूला तोंड ठेवून, आत बघितलं तर मधल्या नळीच्या टोकाला पेट्रोलचा थेंब तयार होतो, लोंबतो, आणि खाली थ्रॉटलवर पडतो, की लगेच दुसरा तयार. आयडलिंगला. गाडी बंद केली तरी थोडा वेळ ते थेंब पडत राहिले, वास तर विचारू नका. व्हिडिओ काढलाय पण इथे टाकता येत नाहीये.

जुना_फिटर

व्हिडिओची गरज नाही, तुम्ही वर्णनच एवढं नेमकं केलंय. आयडलिंगला मेन नोझलमधून पेट्रोल पडायलाच नको, तिथून पेट्रोल यायला हवेचा जोर लागतो आणि तो गाडी वेगात असताना मिळतो. आयडलिंगला, आणि त्याहून म्हणजे इंजिन बंद झाल्यावरही थेंब पडतोय, याचा अर्थ वाटीतली पातळी नोझलच्या तोंडाच्या वर आहे. जेट, हवेचा जेट, अ‍ॅक्सिलरेटर पंप हे सगळं बाजूला ठेवा, आधी पातळी. गरम गाडी परत का लागत नाही तेही यातच आलं, बंद केल्यावर इंजिनाच्या उष्णतेने वाटी तापते, पेट्रोल आणखी वर चढतं आणि सगळं मॅनिफोल्डमध्ये सांडतं, प्लग ओले होतात. तोपर्यंत अशा वेळी गाडी लावायची असेल तर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण खाली दाबून धरा आणि सेल्फ मारा, पाय पंपासारखा वर-खाली अजिबात करू नका, प्रत्येक वेळेला पंप आणखी पेट्रोल ओततो.

पातळी का चढते याची कारणं थोडीच आहेत. नीडल आणि सीट नीट बंद होत नाही, किंवा फ्लोट फुटून त्यात पेट्रोल शिरलंय आणि तो जड झालाय, किंवा नीडलच्या सीटखालचा वायसर चुकीचा आहे, किंवा पेट्रोल पंपाचा दाब जास्त आहे.

वायसरचं नीट वाचा. सोलेक्समध्ये पातळी अ‍ॅडजस्ट करायला फ्लोटची पट्टी वाकवायची पद्धत नाही. नीडलचं सीट वरच्या झाकणात आट्यांवर बसतं आणि त्याच्याखाली एक वायसर असतो, त्या वायसरच्या जाडीवर पातळी ठरते. जाड वायसर घातला की सीट खाली येतं, फ्लोट लवकर नीडलला भिडतो, पेट्रोल लवकर बंद, पातळी खाली. पातळ घातला की उलट, पातळी वर. आणि किटमध्ये जो वायसर येतो तो बरेचदा कागदासारखा पातळ फायबरचा असतो, जुना तांब्याचा जाड वायसर काढून फेकून देतात आणि हा घालतात. मापाने फरक दिसायला अगदी क्षुल्लक वाटतो पण वाटीत तो मिलिमीटरमध्ये जातो.

दुसरं, नीडलच्या सीटवर भोकाचा आकडा कोरलेला असतो, मिलिमीटरमध्ये. समजा मूळ १.५ चं असेल आणि कोणी २.० चं बसवलं, तर भोकाचं क्षेत्रफळ जवळपास पावणेदोन पट होतं. तेवढ्याच पंपाच्या दाबाला नीडल उघडायला तेवढा जास्त जोर मिळतो आणि फ्लोटला ती बंद ठेवणं जमत नाही. मग वायसर बरोबर असला तरी पातळी चढणार. त्यामुळे आकडा बघाच, आणि मूळ काय होता ते गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा.

काम असं करा. गाडी उघड्यावर आणा, पार्किंगच्या बंद खोलीत नको, बॅटरीचं टर्मिनल काढा, इंजिन थंड होऊ द्या. पेट्रोलचा पाइप काढून त्याचं तोंड बंद करा. झाकणाचे स्क्रू काढून झाकण सरळ वर उचला, तिरपं करू नका, पॅकिंग फाटणार नाही हे बघा. वाटीतलं पेट्रोल हलू न देता वरच्या कडेपासून पेट्रोल किती खाली आहे ते स्टीलच्या पट्टीने मोजा. फ्लोट बाहेर काढून कानाशी हलवा, आत खळखळ झाली तर फुटलाय. आवाज नसेल तरी गरम पाण्यात बुडवून बघा, बुडबुडा आला तर तिथे बारीक भोक आहे. पाणी गॅसवर ठेवून नव्हे हां, वेगळं गरम करून आणायचं, फ्लोटला पेट्रोल असतं.

मग झाकण उलटं धरा, पेट्रोल येण्याच्या नळीला स्वच्छ रबरी पाइपचा तुकडा लावा, नीडलला बोटाने अगदी हलकं दाबा आणि पाइपमधून फुंका. हवा जराही जायला नको. गेली तर सीटवर कचरा आहे किंवा नीडलच्या टोकाला चरा पडलाय. टोकावर भिंगाने बघा, बसून बसून कडं उमटलेलं असेल तर ती नीडल गेली.

जेट मात्र तारेने साफ करू नका, कोणी सांगितलं तरी. पितळ मऊ असतं. जेटवरचा आकडा शतांश मिलिमीटरमधला व्यास असतो, ११५ म्हणजे १.१५ मिलिमीटर. तार फिरवून तो १२५ झाला तर भोक जवळपास १८ टक्क्यांनी मोठं होतं आणि वरचा आकडा मात्र ११५ च राहतो, मग कोणाला पत्ता लागत नाही. पेट्रोल आणि हवेचा झोत, बास.

पसरणी_घाट

मध्येच विचारतो, माझी पण पद्मिनी आहे, वाईत असते. खाली ठीक चालते पण पाचगणी-महाबळेश्वरला गेलं की थोडी रिच वाटते, आयडलिंग जड होतं, धुराचा वास येतो. मलाही पातळीचाच प्रॉब्लेम असेल का?

घाटमाथा

बहुतेक नाही. उंचीवर हवा विरळ असते. व्हेंचुरीतून आकारमानाने तेवढीच हवा जाते पण तिचं वजन कमी, पेट्रोल मात्र त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून प्रत्येक कार्बोरेटरवाली गाडी वर गेली की थोडी रिच होते. पुणे ५६० मीटरवर आहे, महाबळेश्वर १३५० च्या आसपास, फरक जाणवण्याइतका आहे पण काळा धूर यायला नको. तुमची वर गेल्यावरच रिच होत असेल आणि खाली आल्यावर प्लग विटकरी-तपकिरी दिसत असतील तर काही करू नका. वर दोन-चार दिवस राहणार असाल तर मिक्स्चरचा स्क्रू थोडा आत घ्या आणि खाली आलात की परत होता तिथे आणा, विसरलात तर उन्हात लीन चालेल.

आणि घाट चढताना गाडी पेट्रोल मिळाल्याशिवाय गुदमरल्यासारखी बंद पडत असेल तर ती रिच नाही, ते व्हेपर लॉक, म्हणजे पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडतो, त्याला पंपावर ओलं फडकं ठेवून थांबायचं. खंबाटकीला जुन्या गाड्या अशाच थांबलेल्या असायच्या. दोन्हीतला फरक वासावरून कळतो, बॉनेट उघडल्यावर पेट्रोलचा भपका आला तर ओव्हर झाली (पेट्रोल जास्त होऊन सांडलं), वास नाही आणि वाटी कोरडी तर लॉक.

हातोडी_पाना

@जुना_फिटर काका, पटलं. वायसरचं मला खरंच माहीत नव्हतं, मित्राच्या गाडीचा जुना सोलेक्स माळ्यावर पडलाय, उघडून बघतो त्यात कुठला आहे. एक विचारायचं होतं, पंपाचा दाब घरी कसा तपासणार? गेज नसतं सगळ्यांकडे.

जुना_फिटर

गेजशिवाय आकडा नाही कळणार, पण संशय काढता येतो. पंप ताजाच रिपेअर केला असेल आणि त्यात नवीन कडक स्प्रिंग टाकली असेल किंवा पंप आणि ब्लॉकच्या मधलं जाड पॅकिंग काढून पातळ घातलं असेल तर दाब वाढू शकतो. काहीच हात लावला नसेल तर जुना पंप दाब वाढवत नाही, कमीच करतो. ताईंनी पंपाला हात लावल्याचं म्हटलेलं नाही म्हणून मी तो शेवटी ठेवला.

पंपाचं दुसरं एक मात्र सगळ्यांनी बघा. त्याचा डायफ्राम फाटला तर पेट्रोल थेट इंजिनच्या ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिक काढून वास घ्या, पातळी वाढलेली असेल आणि वास पेट्रोलचा असेल तर गाडी चालवू नका. ताई, तुमची एवढे दिवस ओव्हर होतेय, पंप चांगला असला तरी न जळलेलं पेट्रोल रिंगांच्या बाजूने खाली गेलेलं असणार, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं तेल धुऊन नेतं. दुरुस्ती झाली की ऑइल आणि फिल्टर बदलाच, किलोमीटर झाले नसले तरी.

कर्वेरोडची_पद्मिनी

सापडलं!! काल दुपारभर गच्चीखालच्या मोकळ्या जागेत गाडी आणून बसले होते, आई वरून चहा देत होती आणि पेट्रोलचा वास आला की ओरडत होती.

झाकण काढलं तर वाटी जवळजवळ काठोकाठ. फ्लोट चांगला आहे, खळखळ नाही, गरम पाण्यात बुडबुडा नाही. मग सीट पान्याने काढलं, खाली अगदी काका म्हणाले तसाच, तपकिरी फायबरचा पातळ वायसर, तो पण एका बाजूला दबून चिरलेला. म्हणजे पातळी चुकीची आणि आट्यांच्या बाजूने गळती पण, नीडल बंद असली तरी पेट्रोल कडेने झिरपत होतं. फुंकून बघितलं तर हवा जात होती पण नीडल दाबली तरी जात होती म्हणून आधी गोंधळले, मग बोट ओलं करून सीटच्या कडेला लावलं तेव्हा तिथून बुडबुडे आले. सीटवरचा आकडा मॅन्युअलशी जुळतो, ते बरं झालं. नीडलच्या टोकाला मात्र भिंगाने कडं दिसलं, नवीन असूनही, बहुतेक किटच हलक्या दर्जाचं होतं.

आज सकाळी जुनं सीट आणि नीडल रुमालात गुंडाळून नाना पेठेत गेले. पहिल्या दोन दुकानांनी पूर्ण किटच घ्या म्हणून आग्रह केला, तिसऱ्या दुकानातल्या काकांनी सीट हातात घेऊन आकडा वाचला, आतून डबा काढला आणि त्याच मापाची नीडल-सीट काढून दिली, वर तांब्याचे वायसर दोन-तीन जाडीचे दिले, म्हणाले लावून मोजा, जो बरोबर येईल तो ठेवा. एवढं समजून देणारा माणूस भेटला की बरं वाटतं.

घरी येऊन मधल्या जाडीचा लावला, गाडी आयडलिंगवर चालवून बंद केली, झाकण काढून मोजलं, मॅन्युअलमधल्या मापाला पातळी आली. आता आयडलिंगला नोझल कोरडं आहे, मी टॉर्च मारून बराच वेळ बघत बसले, एकही थेंब नाही. स्क्रू पूर्ण आत घेतला की इंजिन बंद पडतं. संध्याकाळी थंड गाडीला चोक ओढावा लागला, आणि त्याचा मला एवढा आनंद झाला की बाबांना फोन करून सांगितलं.

मग ओळखीच्या पीयूसीवाल्याकडे नेली, त्यांनी नळी लावून ठेवली आणि मी आकडा बघत स्क्रू थोडा थोडा फिरवला. २.१ वर आणून थांबले, एचसी पण बरंच खाली आलं, सर्टिफिकेट मिळालं. अजून कमी करता आलं असतं पण १.५ च्या खाली गेलं की आयडलिंग अडखळत होतं आणि एचसी उलट वाढत होता.

एकच राहिलंय. सिग्नलवरून निघताना अ‍ॅक्सिलरेटर एकदम दिला तर क्षणभर गाडी दबते आणि मग उचलते. हे आधी नव्हतं. ऑइल बदललंय.

घाटमाथा

वा ताई, फार छान काम केलंत. पीयूसीच्या मशीनवर बघत स्क्रू लावणं हीच खरी पद्धत, कानाने लावलं की माणूस नेहमी थोडं रिचच ठेवतो कारण रिच आयडलिंग ऐकायला गोड लागतं. १.५ च्या खाली एचसी वाढला तो लीन मिसफायर, तुम्ही योग्य जागी थांबलात. आता एक काम करा, प्लग साफ करून बसवा आणि आठवडाभर चालवून मग रंग बघा, जुनी काजळी असताना काही कळत नाही.

जुना_फिटर

ताई, ती दबण्याची खोड आधीपासूनच असणार, फक्त एवढं पेट्रोल सांडत असताना ती झाकली गेली होती. अ‍ॅक्सिलरेटर पंप बघा. इंजिन बंद, एअर क्लीनर काढलेला, वरून बॅटरी मारा आणि थ्रॉटलची लीव्हर हाताने झटकन उघडा. बाजूच्या बारीक नळीतून पेट्रोलची सरळ, भरीव धार लगेच यायला हवी, लीव्हर हलली रे हलली की. धार उशिरा आली, थेंब थेंब आली किंवा हवेचे बुडबुडे घेऊन आली तर पंपाचा डायफ्राम कडक झालाय नाहीतर त्याच्या व्हॉल्व्हमध्ये गाळ आहे. धार चांगली असेल तर डिस्ट्रिब्युटरचा व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्स (स्पार्कची वेळ पुढे घेणारा भाग) चालतो का ते बघायचं, पण बहुतेक डायफ्रामच निघेल, गाडी पावसाळाभर उभी होती ना.

डायफ्राम घ्यायला परत त्याच दुकानात जा आणि जुना सोबत न्या. भोकं जुळवून बघा, आणि इथेनॉलवर चालेल असा आहे का ते स्पष्ट विचारून घ्या, साधं रबर पुढच्या वर्षी परत फुगेल. बसवताना स्क्रू आवळायच्या आधी लीव्हर अर्धी दाबून धरा आणि मग समोरासमोरचे आवळा, म्हणजे डायफ्राम ताणून बसत नाही.